मुलांच्या शयनकक्षातील ब्लॅकआउट पडदे

ब्लॅकआउट पडदा किंवा प्रकाशरोधी पडदा म्हणजे खिडकीतून येणारा बाहेरचा उजेड जवळजवळ पूर्णपणे अडवण्यासाठी बनवलेला पडदा होय. चुण्या घालून दांड्यावर टांगायचे कापडी पडदे, नळीवर गुंडाळले जाणारे रोलर ब्लाइंड आणि साध्या पडद्याला मागून शिवायचे अस्तर हे त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. लहान मुलांच्या झोपेसाठी असे पडदे लावण्याची पद्धत विशेषतः उत्तर युरोपातील घरांत रूढ आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत ती नव्या गृहसंकुलांबरोबर आली. या भागात उन्हाळ्यातील पहाट युरोपइतकी लवकर होत नाही. उलट उष्मा, दमट हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे खोलीत हवा खेळती राहणे येथे अधिक महत्त्वाचे असते. त्यामुळे पडदा निवडताना तो किती उजेड अडवतो याच्या बरोबरीने तो किती वारा अडवतो हाही प्रश्न येतो.

पार्श्वभूमी

‘ब्लॅकआउट’ हा शब्द युद्धकाळातील आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून रात्री घरातील उजेड बाहेर दिसू न देण्याचा नियम लागू झाला आणि खिडक्यांवर जाड काळे कापड लावले जाऊ लागले. मुंबईकरांना हा शब्द १९६५ आणि १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धांनी परिचित करून दिला. त्या काळात खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवणे आणि वाहनांच्या दिव्यांवर काळा रंग लावणे ही सार्वत्रिक गोष्ट होती. त्या पडद्यांचे काम आतला उजेड बाहेर जाऊ न देण्याचे होते. आजच्या पडद्यांचे काम नेमके उलट आहे. नाव मात्र तेच राहिले.

कोकणातील जुन्या घरांना अशा पडद्याची गरज नव्हती. उतरत्या कौलारू छपराची पुढे आलेली वळचण आणि पडवी यांमुळे थेट ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नसे. मधल्या माजघराला बहुधा खिडकी नसे, असलीच तर लहान असे. बाळंतीण आणि तान्हे मूल यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची रीतही होती. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतील ठाकर व कातकरी समाजाची कुडाची घरे, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेली घरे, आतून अशीच अंधारी असतात. पण कुडाच्या फटींतून वारा येत राहतो. उन्हाळ्यात दारे-खिडक्यांवर बांबूच्या कामट्यांचे चिक किंवा पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे सोडणे ही आणखी एक जुनी सोय होती. या सर्व साधनांत अंधार आणि वारा एकत्र नांदत असत. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींतील ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांच्या खिडक्यांनी ही सांगड मोडली. सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी तिचा साधारण निम्माच भाग मोकळा होतो, तर काच मात्र संपूर्ण उजेड आत घेते.

प्रकाश आणि मुलांची झोप

मानवी शरीराचे सुमारे २४ तासांचे जैविक घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून वेळ जुळवून घेते. या कामासाठी दृष्टिपटलात मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या विशेष पेशी असतात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास लागला. त्या सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर, प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. संध्याकाळी उजेड कमी झाला की पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेकडे वळते. प्रखर उजेडात हे स्रवण दबते. जैविक घड्याळाची पेशींच्या पातळीवरील यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लहान मुलांची बाहुली तुलनेने मोठी आणि डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असते. त्यामुळे तेवढ्याच उजेडाचा परिणाम त्यांच्यावर प्रौढांपेक्षा जास्त होतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन व चार वर्षांच्या ३६ मुलांना झोपण्यापूर्वीचा एक तास वेगवेगळ्या तीव्रतेच्या प्रकाशात ठेवले होते. ५ ते ४० लक्स इतक्या मंद प्रकाशातही त्यांचे मेलाटोनिन सरासरी ७८ टक्क्यांच्या आसपास घटले. पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा काही दशांश, रस्त्याच्या दिव्याखाली ५ ते २० लक्स, दिवा लावलेल्या खोलीत १०० ते ३०० लक्स आणि भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, हे पाहिले की या आकड्यांचा अर्थ लागतो.

या अभ्यासातील मुले जागी होती आणि त्यांचे डोळे उघडे होते, ही बाब पडद्यांच्या जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. झोपेपूर्वीचा हा उजेड बहुतेक घरांत खिडकीतून येत नसतो. तो छतावरच्या ट्यूबलाइटचा, दूरचित्रवाणीचा आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याचा असतो. एक खोली व स्वयंपाकघर असलेल्या घरात, जेथे मूल बाहेरच्या खोलीतच झोपते आणि मोठ्यांची जेवणे व बातम्या दहा वाजेपर्यंत चालतात, तेथे खिडकीला कितीही जाड पडदा लावला तरी फारसा फरक पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्रीची मिळून १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप आवश्यक असते. यात दुपारची झोपही धरलेली आहे. पडद्याचा उपयोग बहुतांशी याच दुपारच्या झोपेसाठी होतो.

कर्जत व खालापूर परिसर

कर्जत सुमारे १८.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे, तर कर्जत ७३.३ अंशांवर असल्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. परिणामी जूनमध्येही सूर्योदय सहाच्या सुमारास होतो आणि जानेवारीत तो सव्वासातच्या जवळ जातो. लंडनमध्ये जूनअखेर सूर्य पावणेपाचला उगवतो व रात्री सव्वानऊनंतर मावळतो; तिथे मुलाला आठ वाजता झोपवायचे तर भर उजेडात झोपवावे लागते. युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच उन्हाळ्यात ब्लॅकआउट पडद्यांची गरज जाणवते ती यामुळे. कर्जतमध्ये ते कारण लागू होत नाही. शिवाय पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत असल्याने पायथ्याच्या गावांत प्रत्यक्ष ऊन आणखी उशिरा पोहोचते, तर माथेरानच्या डोंगराच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या नेरळमध्ये मावळतीचे ऊन लवकर सरते.

या परिसरात पडद्याची गरज प्रामुख्याने कृत्रिम प्रकाशामुळे निर्माण झाली आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी खोपोलीत १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे खोपोली-खालापूर पट्ट्यात कारखाने वाढले. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. त्यावरील पथकर नाका, पेट्रोल पंप आणि उपाहारगृहे रात्रभर उजळलेली असतात. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात आणि हे काम रात्रीही चालते. गेल्या काही वर्षांत रस्त्यांवरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांची जागा पांढऱ्या एलईडी दिव्यांनी घेतली आणि त्यांच्या प्रकाशात निळा अंश जास्त असतो. शेतघरांवरील प्रखर झोतदिव्यांचीही त्यात भर पडली. मुंबईतील हौशी आकाशनिरीक्षक तारे पाहण्यासाठी वांगणी-नेरळ भागात येत आले आहेत, कारण येथील आकाश शहरापेक्षा काळे असे. तो काळोख आता वस्त्यांजवळ उरलेला नाही.

दुसरे कारण दिनक्रमाचे आहे. कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर असून लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. नोकरदार पालक रात्री उशिरा घरी परततात, त्यांच्यासाठी जागलेले मूल उशिरा झोपते आणि कमी पडलेली झोप दुपारी भरून काढते. पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या घरी रात्रपाळी करून आलेला पालक व तान्हे मूल एकाच खोलीत दिवसा झोपतात. अशा घरांत दिवसा अंधार करता येणारी एक तरी खिडकी असणे ही चैन ठरत नाही.

कापड

बाजारात ‘ब्लॅकआउट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या बनावटीची कापडे मिळतात. पहिल्या प्रकारात कापडाच्या मागे ॲक्रिलिकच्या फेसाचे थर दिलेले असतात. पांढरा, काळा आणि पुन्हा पांढरा असे तीन थर असलेले कापड उजेड पूर्णपणे अडवते. दुसऱ्या प्रकारात लेप नसतो; विणतानाच दोन रंगीत पदरांच्या मध्ये काळ्या धाग्याचा पदर घातलेला असतो. हे कापड थोडा उजेड सोडते, म्हणून काही दुकानदार त्याला ‘डिमआउट’ म्हणतात. ते मऊ असते, चांगले लोंबते आणि नेहमीच्या कपड्यांसारखे धुता येते.

लेपाच्या कापडाला गरम पाणी, पिळणे आणि लेपाच्या बाजूने इस्त्री सोसत नाही. लेपाला चिरा पडतात आणि पापुद्रे सुटतात. रांगणाऱ्या मुलाच्या खोलीत असे पापुद्रे जमिनीवर पडणे इष्ट नाही. स्वस्त कापडांत पीव्हीसीचा लेप असतो आणि त्याचा उग्र वास काही दिवस टिकतो. कापडाचा तुकडा भ्रमणध्वनीच्या टॉर्चसमोर धरल्यास लेपातील बारीक छिद्रे दिसतात, तर नखाने खरवडल्यास लेप किती पक्का आहे ते कळते. पडदा शिवताना सुईने पडलेल्या भोकांतूनही उन्हात उजेडाची रेघ दिसते, मात्र तिने झोपेवर काही परिणाम होत नाही.

गडद रंगाचे कापड जास्त अंधार करते ही समजूत बरोबर नाही. अंधार काळ्या पदरामुळे होतो, दर्शनी रंगामुळे नाही. खिडकीकडची बाजू पांढरी असल्यास ऊन काही प्रमाणात परत फेकले जाते, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसाठी ती पाहून घेतली जाते.

कडेची फट

पडद्याच्या वेष्टणावर लिहिलेली ९९ किंवा १०० टक्क्यांची ग्वाही फक्त कापडापुरती असते. प्रत्यक्षात उजेड कडेने येतो. ४ फूट रुंद व ४ फूट उंच खिडकीच्या चौकटीत बसवलेल्या रोलर ब्लाइंडला दोन्ही बाजूंना एकेक इंच फट राहिली, तर ती मिळून ९६ चौरस इंच होते, म्हणजे खिडकीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४ टक्के. या हिशेबात ९९ टक्क्यांचे कापड आणि १०० टक्क्यांचे कापड यांतला फरक नगण्य ठरतो. रोलरचे कापड त्याच्या नळीपेक्षा व दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटपेक्षा अरुंद असल्यामुळे ही फट अटळ असते. ती बंद करण्यासाठी भिंतीला उभ्या खाचा बसवतात.

कापडी पडदा भिंतीवर, चौकटीच्या बाहेर लावला आणि तो दोन्ही बाजूंना व वर सुमारे अर्धा फूट जास्त ठेवला की बरीचशी फट झाकली जाते. दोन्ही टोकांना भिंतीकडे वळलेला दांडा मिळाल्यास कडेने दिसणारा पट्टाही जातो. चुण्यांसाठी खिडकीच्या दीड ते दुप्पट रुंदीचे कापड लागते. पन्हा कमी असलेल्या कापडाला मध्ये जोड येतो आणि लेपाच्या कापडात हा जोड उन्हात उठून दिसतो, म्हणून मोठ्या खिडकीसाठी मोठ्या पन्ह्याचे कापड सोयीचे पडते.

हवा, उष्मा आणि ओल

कर्जत समुद्रापासून दूर आणि डोंगरांनी वेढलेले असल्याने एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा किनाऱ्यावरील गावांपेक्षा वर चढतो व अनेकदा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत खोलीच्या आतून लावलेला पडदा उष्णता फारशी रोखू शकत नाही, कारण काचेतून शिरलेले ऊन पडद्यापर्यंत येऊन उष्णतेत रूपांतरित झालेले असते आणि ती उष्णता घरातच राहते. काचेच्या बाहेर असलेली सावली, मग ती छज्जाची असो, चिकाची असो किंवा हिरव्या जाळीची, या बाबतीत अधिक परिणामकारक ठरते. बाहेर चिक आणि आत विणीचे साधे डिमआउट कापड ही जोडी पश्चिमेच्या खोलीत एकट्या जाड ब्लॅकआउट पडद्यापेक्षा चांगली चालते. काचेवर थेट काळा कागद वा काळी फिल्म चिकटवण्याचा उपाय स्वस्त असला तरी उन्हाने काच असमान तापून तडकू शकते आणि सकाळी हवा असलेला उजेडही कायमचा जातो.

बाजूच्या खाचांत बसणारा रोलर ब्लाइंड सर्वांत जास्त अंधार करतो आणि तोच वारा सर्वांत जास्त अडवतो. वातानुकूलित खोलीत त्याने अडचण होत नाही. पंख्यावर अवलंबून असलेल्या खोलीत मात्र उघड्या खिडकीपुढे तो सोडला की हवा येणे थांबते. वादळी पावसात वीज गेली की पंखाही बंद पडतो. तान्ह्या बाळाला फार उकडणे हा झोपेतील आकस्मिक मृत्यूचा एक ज्ञात जोखीमघटक आहे. त्यामुळे अशा घरांत भिंतीपासून तीन-चार इंच पुढे मोकळा लोंबणारा कापडी पडदा योग्य ठरतो. त्याच्या खालून व कडेने वारा येतो, उजेड मात्र भिंतीवर आपटून मंद होतो. खिडकीच्या वर झरोका असल्यास तो न झाकता पडद्याचा दांडा त्याच्या खाली बसवतात. संध्याकाळी डासांमुळे खिडकी बंद ठेवावी लागते. जाळीचे सरकते पान किंवा मच्छरदाणी असेल तरच पडद्यामागची खिडकी उघडी राहू शकते.

कर्जत परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ढगाळ आकाशामुळे या काळात दिवसाही खोलीत मंद उजेड असतो, म्हणजे पडद्याची गरज सर्वांत कमी असते. पण ओल सर्वांत जास्त असते. सतत ओढून ठेवलेल्या लेपाच्या पडद्यामागे बाहेरच्या भिंतीवर आणि पडद्याच्या खालच्या शिवणीत काळी बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशीविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात त्यांचा दमा व श्वसनाच्या इतर तक्रारींशी संबंध नोंदवलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जाड पडदे धुऊन, कडकडीत वाळवून ठेवून देणे आणि चार महिने पातळ सुती पडद्यांवर भागवणे हा यावरील सोपा मार्ग आहे. कड्यांना अडकवलेले अस्तर वेगळे काढता येत असेल तर तेवढेच काढले तरी चालते. जुलैमध्ये धुतलेला जाड पडदा वाळायला अनेक दिवस लागतात आणि त्याला कुबट वास येतो.

सुरक्षितता

दोरीच्या फासात मान अडकणे हा खिडकीच्या पडद्यांमुळे मुलांना होणारा सर्वांत गंभीर अपघात आहे. तो आवाज न होता आणि काही मिनिटांत घडतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार त्या देशात पाच वर्षांपर्यंतची सरासरी नऊ मुले दरवर्षी अशा प्रकारे दगावतात. तेथे तयार मापाच्या ब्लाइंडना मोकळी दोरी ठेवण्यास २०१८ च्या अखेरीपासून मनाई झाली. २०२४ च्या जूनपासून लागू झालेल्या मानकानुसार मागणीप्रमाणे बनवलेल्या ब्लाइंडवरही २० सेंटीमीटरपेक्षा लांब मोकळी दोरी चालत नाही. युरोपीय मानक ईएन १३१२० नुसार चालवण्याच्या दोरीचे खालचे टोक जमिनीपासून किमान दीड मीटर उंच असावे लागते, किंवा साखळी भिंतीला ताणून पक्की करावी लागते.

कर्जत-खोपोलीच्या दुकानांत मण्यांच्या अखंड साखळीचे रोलर ब्लाइंडच सहसा दाखवले जातात. साखळी भिंतीला धरून ठेवणारी लहान खोबणी त्यांच्या डब्यात असते, पण बसवणारा कारागीर ती पुष्कळदा लावत नाही. मुलाच्या खोलीसाठी हाताने खाली ओढायचा स्प्रिंगचा रोलर किंवा साधा टांगलेला पडदा निवडल्यास हा धोका उद्भवत नाही. पाळणा वा पलंग खिडकीला लागून ठेवू नये, कारण उभे राहू लागलेले मूल पडदा धरून चढते आणि सैल दांडा अंगावर येतो. बहुतेक ब्लॅकआउट कापड पॉलिस्टरचे असून पेटल्यास वितळून गळते. वीज गेल्यावर लावलेली मेणबत्ती आणि डासांची कॉइल त्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

रातदिवा

पूर्ण अंधाराची अनेक मुलांना भीती वाटते. महाराष्ट्रातील घरांत यासाठी ‘झीरोचा बल्ब’ लावण्याची जुनी प्रथा आहे. नावात शून्य असले तरी तो १२ ते १५ वॅटचा असे. निळा व हिरवा हे त्याचे लोकप्रिय रंग आहेत आणि मेलाटोनिन दाबण्याच्या दृष्टीने नेमके तेच गैरसोयीचे आहेत. तांबडा किंवा नारिंगी दिवा, पलंगाच्या पातळीखाली आणि थेट डोळ्यांसमोर येणार नाही असा लावल्यास पडद्याचा हेतू विफल होत नाही.

पडदा ओढण्याची व उघडण्याची वेळ

जैविक घड्याळाला रात्रीच्या अंधाराइतकाच सकाळच्या उजेडाचा आधार लागतो. सकाळी वेळेवर उजेड मिळाला नाही तर झोपेची वेळ हळूहळू पुढे सरकते आणि मूल रात्री आणखी उशिरा झोपू लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचे कारण देऊन पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गांतील मुलांना हा निर्णय लागू नाही. सातच्या शाळेसाठी साडेपाच-सहाला उठणाऱ्या मुलाला जानेवारीत तसेही अंधारातच उठावे लागते. त्याच्या बाबतीत उठल्याबरोबर दिवा लावणे आणि उजाडताच घराबाहेर पडणे पडद्यापेक्षा उपयोगी ठरते. नऊच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खोलीतील पडदा सातच्या सुमारास कोणीतरी बाजूला सारणे गरजेचे असते. पालक पहाटेच्या लोकलने निघून जात असतील तर हे काम आजी-आजोबांकडे किंवा शेजाऱ्यांकडे येते. तशी सोय नसेल तेथे पूर्ण अंधार करणाऱ्या कापडाऐवजी पहाटेचा थोडा उजेड आत सोडणारे डिमआउट कापड अधिक योग्य ठरते.

पडद्याने आवाज थांबतो असेही विक्रेते सांगतात. जाड कापडामुळे खोलीतील घुमारा थोडा कमी होतो. द्रुतगती मार्गावरच्या अवजड वाहनांचा किंवा घाटाकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मात्र त्याने अडत नाही.